मुरुडेश्वरची वाट आणि न उघडलेला डबा



संक्रांतीनंतर आम्ही दोघं मुरुडेश्वरला जाऊन आलो. मंडळाच्या ग्रुपवर दोन फोटो टाकले आणि लगेच विचारणा सुरू झाली. कसं गेलात? जेवणाचं काय केलंत? तिकडे सगळीकडे मासेच असतील ना? प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. जाण्यायेण्याची माहिती देतेच, पण वाटेत माझ्या हातून जे घडलं तेही लिहिणार आहे. ते वगळलं तर जमेची बाजू लिहून खर्चाची बाजू कोरी ठेवल्यासारखं होईल. बीकॉम झालेल्या बाईला ते शोभत नाही.

आमच्या ह्यांना समुद्राची फार हौस. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण आमचा प्रवास म्हणजे कुंभोज, श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ, मांगीतुंगी, शिखरजी. एकदा मूडबिद्रीला गेलो होतो. तिथून मंगळुरूचा समुद्र जेमतेम तासाभरावर. हे म्हणाले, "एवढ्या लांब आलोय, पाय बुडवून येऊ." मी म्हटलं, "तिकडे काय आहे? मासे आणि वास. शिवाय सहा वाजायच्या आत जेवण कुठे मिळणार?" तो विषय तिथेच संपला. नंतर दरवर्षी काही ना काही निमित्त निघत गेलं. आता ह्यांचे गुडघे दुखतात, साखरेच्या गोळ्या सुरू आहेत. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना आता नाही नेलंस तर कधी नेणार?" तेव्हा मी कॅलेंडर काढलं.

मुरुडेश्वर निवडलं त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे तिथे कंदुक टेकडीला तीन बाजूंनी समुद्र आहे, फार न चालता तो दिसतो. दुसरं कारण माझं. तिथून भटकळ पंधराएक किलोमीटरवर आहे आणि भटकळला चंद्रनाथ भगवंतांची जुनी बसदी आहे. समुद्र ह्यांचा, बसदी माझी, अशी वाटणी केली.

आपल्या सांगली-मिरजेकडून जायचं तर दोन वाटा. एक रस्त्याची: बेळगाव, हुबळी, मग घाट उतरून अंकोला आणि तिथून किनाऱ्याने खाली. दुसरी रेल्वेची: रात्री मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, पहाटे मडगाव, आणि मडगावहून मंगळुरूकडे जाणारी गाडी. गुडघ्यांमुळे आम्ही रेल्वे घेतली, कारण बसमध्ये पाय लांब करता येत नाहीत. खालचे बर्थ आधीच मागून घ्या. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तिकीट पूर्ण लागतं. मुंबई-ठाण्याकडच्या मैत्रिणींना तर थेट गाडी आहे. दुपारी बसलं की पहाटे मुरुडेश्वर. तिचं नाव मत्स्यगंधा! माझ्या नणंदेने नाव ऐकून फोनवरच विचारलं, "वहिनी, नावातच मासे आहेत, चालेल का?" आम्ही दोघी खूप हसलो. तेव्हा हसले खरी.

सोबतचा शिधा सांगते. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाशिवाय शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, बेसनाचे लाडू, भाजलेले पोहे, खडीसाखर आणि घरचं गाळलेलं पाणी. शिवाय छोटं पातेलं, गाळायचं फडकं आणि पाणी उकळायची विजेची किटली. डबे मोजून भरले होते: गाडीत दोन जेवणं आणि अडीअडचणीला एक.

मडगावला पहाटे उतरलो. स्टेशनवर विश्रामकक्ष आहे, तिथे आंघोळ आणि जप केला. अकराच्या सुमारास जेवून घेतलं आणि दुपारच्या पॅसेंजर गाडीत बसलो. मैत्रिणींनो, हा रस्ता डोळ्यांचं पारणं फेडणारा आहे. बोगदा, मग नारळी, मग एकदम रुंद खाडी. कारवारच्या अलीकडे काळी, पुढे गंगावळी, मग अघनाशिनी, होन्नावरला शरावती. ओळीने चार नद्या समुद्राला मिळताना दिसतात. हे लहान मुलासारखे खिडकीला चिकटले होते.

अंकोल्याला एक कोळीण चढली. कपाळावर मोठं कुंकू, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, डोक्यावर रिकामी टोपली. मासे विकून घरी निघाली असावी. ती आमच्या समोरच्या बाकावर बसली आणि टोपली खाली, माझ्या पायापाशी ठेवली. मी पाय वर घेतले आणि पदर नाकाला लावला. तिने ते पाहिलं. काही न बोलता टोपली उचलून स्वतःच्या बाकाखाली सरकवली. तरी मी पदर काढला नाही.

गाडी वेळेवर असती तर सूर्यास्ताच्या चांगलं तासभर आधी पोहोचलो असतो. खोलीवर जाऊन दिवसाउजेडी जेवायचं, असं ठरलं होतं. पण रूळ एकेरी. समोरची एक्स्प्रेस जाईपर्यंत पॅसेंजरने बाजूला थांबायचं. दोनदा तशी थांबली. कुमट्याच्या पुढे तिसऱ्यांदा थांबली ती हलेचना. सव्वापाच वाजले. ह्यांनी घड्याळ पाहून जेवणाआधीची गोळी घेतली, कारण रोजची आमची जेवायची वेळ तीच. मग मला म्हणाले, "डबा काढ. इथेच खाऊन घेऊ."

मी म्हटलं, "इथे? त्या टोपलीसमोर? मी नाही डबा उघडणार. आता निघेलच गाडी."

गाडी निघाली नाही. सहा वाजले. बाहेर आकाश लाल झालं. मी मनात णमोकार म्हणत घड्याळ पाहत होते. दुसऱ्या डब्यात जागा शोधावी असंही डोक्यात आलं, पण ह्यांना उठवायचं जिवावर आलं. साडेसहाला सूर्य बुडाला. माझा रात्रीभोजनाचा त्याग आहे, त्यामुळे माझा प्रश्न मिटला. मी पाण्याची बाटलीसुद्धा पिशवीत ठेवून दिली.

थोड्या वेळाने पाहिलं तर ह्यांच्या कपाळावर घाम. जानेवारीची संध्याकाळ, खिडकी उघडी, आणि सदरा पाठीला चिकटलेला. हात थरथरत होते. मी विचारलं, "काय होतंय?" तर भलतंच उत्तर दिलं, "दुकान बंद केलं का?" माझ्या पोटात गोळा आला.

मी उठायच्या आत ती समोरची बाई उठली. ह्यांच्या शेजारी बसून तिने खांदा धरला, पदराने कपाळ पुसलं आणि मला म्हणाली, "अक्का, सक्करे!" माझं माहेर चिकोडीकडचं, त्यामुळे कानडी कळतं. तिच्या आईलाही असंच व्हायचं, असं ती सांगत होती. मी पिशवीतून खडीसाखर काढली, बत्त्याऐवजी बाटलीच्या बुडाने बारीक केली, पाण्यात घातली आणि ह्यांच्या तोंडाला लावली. ह्यांनी तोंड मिटून घेतलं. एवढ्या ग्लानीतही खिडकीकडे बोट केलं. बाहेर अंधार होता.

मैत्रिणींनो, तो क्षण मी विसरणार नाही. ह्यांनी कुणा महाराजांकडून कधीच नियम घेतलेला नाही. लग्नानंतर मी सहाला चूल बंद करायचे, म्हणून हे सहाच्या आत जेवायला लागले. दुकानातून धावत यायचे. उशीर झाला तर दूध पिऊन झोपायचे. एकेचाळीस वर्षं मी समजत होते की आमच्या घरात दोघंही व्रती आहेत. खरं तर व्रत माझं होतं आणि त्याचा उपास बरेचदा ह्यांना घडत होता.

मी म्हटलं, "अहो, नियम माझा आहे, तुमचा नाही. प्या." आणि माझ्या हाताने ते पाणी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत घाम थांबला. मग डबा उघडला, त्याच बाकावर, टोपली तिथेच असताना. दशमीचे तुकडे करून भरवले. ती बाई ह्यांना धरून बसली होती. डबा उघडल्यावर तिने आपला हात मागे घेतला आणि मान बाजूला वळवली. माझ्या अन्नाला आपला स्पर्श नको, एवढं तिने माझ्या पदरावरूनच ओळखलं होतं. मला तेव्हा जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नसेल. मी एक लाडू तिच्या हातावर ठेवला. तिने तो पदराच्या टोकाला बांधला. होन्नावरला उतरताना ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

होन्नावर सुटल्यावर शरावतीचा पूल लागतो. दोन किलोमीटरहून लांब आहे. ह्यांना तो उजेडात बघायचा होता. अंधारात फक्त होड्यांचे दिवे दिसले. हे आता शुद्धीवर होते. म्हणाले, "एवढे दिवे आहेत, म्हणजे पाणी भरपूर असणार." मी नुसती मान हलवली. बोलले असते तर रडू आलं असतं.

आता पुढची माहिती. मुरुडेश्वर स्टेशन देवळापासून दोनतीन किलोमीटर आत आहे, मध्ये महामार्ग लागतो. रात्रीही रिक्षा मिळतात, पण बसण्याआधी भाडं ठरवा. खोली घेताना लिफ्ट आहे का ते विचारा, "समुद्र दिसतो का" हे नंतर विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. महादेवाची मूर्ती १२३ फूट उंच आहे, आणि वीस मजली राजगोपुरात वर जायला लिफ्ट आहे. तिकीट काढून वर गेलो. खिडकीतून खाली पाहिलं तर टेकडीच्या तिन्ही बाजूंना पाणी, वाळूवर ओळीने लावलेल्या होड्या, आणि जाळी दुरुस्त करणारी माणसं मुंग्यांएवढी. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली येऊन, माझ्या खांद्याला धरून, घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. एवढंच त्यांना हवं होतं. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच जावं, ऊन वाढलं की वाळू तापते आणि गर्दीही होते.

वास होता का? होता. सुकत घातलेल्या माशांचा होता. पण मी पदर नाकाला लावला नाही. उलटी आली नाही, धर्मही बुडाला नाही.

जेवणाचं सांगते. शाकाहारी उडुपी हॉटेलं भरपूर आहेत, पण शाकाहारी म्हणजे आपल्याला चालेलच असं नाही. सांबारात कांदा असतो. मुख्य म्हणजे साधा डोसा घालताना तव्यावर अर्धा कांदा फिरवतात, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. मी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन सांगितलं, "ईरुळ्ळी बेडा, बेळ्ळुळ्ळी बेडा." म्हणजे कांदा नको, लसूण नको. नीर डोसा मागा. नुसते तांदूळ वाटून करतात, पीठ आंबवत नाहीत. तवा पुसून नारळाच्या तेलावर करून द्या म्हटलं तर करून देतात. सोबत ओलं खोबरं आणि गूळ. दिवसाच्या जेवणासाठी साडेअकरा आणि साडेपाच अशा वेळा आधीच सांगून ठेवल्या. संध्याकाळी साडेपाचला स्वयंपाक तयार नसतो, पण इडली आणि खोबऱ्याची चटणी मिळते. आंबवलेलं चालत नसेल त्यांनी दशम्या राखून ठेवाव्यात.

तिसऱ्या दिवशी भटकळ. महामार्गावरून कर्नाटकच्या सरकारी बस सतत असतात. बसमध्ये एक गंमत. २०२३ पासून तिथल्या बायकांना साध्या बसमध्ये प्रवास फुकट आहे. त्या आधार कार्ड दाखवतात आणि कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. मीही रुबाबात कार्ड काढलं. कंडक्टरने पत्ता वाचून हसत पूर्ण भाडं घेतलं. आपल्या एसटीत आपल्याला निम्मं तिकीट, त्यांच्याकडे त्यांच्या बायकांना शून्य. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "हिशेबाच्या वहीत परराज्य खर्च म्हणून लिही."

चंद्रनाथांची बसदी गावातच आहे. जट्टप्पा नायकाने सोळाव्या शतकात बांधलेली, आता पुरातत्त्व खात्याकडे. आपल्याकडच्या मंदिरासारखं शिखर शोधाल तर सापडणार नाही. पाऊस फार, म्हणून कोकणातल्या कौलारू घरासारखं उतरतं छप्पर, पण दगडी फरशांचं. दुमजली बांधणी, भिंतीत दगडाच्या जाळीच्या खिडक्या, आणि पुढे एकाच दगडातून घडवलेला उंच स्तंभ. दर्शनाला रांग नाही, घंटा नाही, माणूसही फारसा नाही. हा सगळा मुलूख एके काळी गेरुसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिच्या ताब्यात होता. ती जैन होती. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पन्नासहून अधिक वर्षं तिने राज्य केलं. इथल्या बंदरांतून मिरी परदेशी जायची, म्हणून पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणायचे. मिऱ्यांचा, म्हणजे व्यापाराचा हिशेब ठेवणारी जैन बाई! मला तर तिचा अभिमानच वाटला. तिच्या बंदरातही कोळी असतील, टोपल्या असतील, आणि तिने त्यांच्याशी नाकाला पदर लावून कारभार केला नसेल.

त्या शांत बसदीत जाळीच्या खिडकीपाशी मी बसले आणि गाडीतला हिशेब मांडला. आपल्या नियमात कृत, कारित आणि अनुमोदना असं तिन्ही येतं. स्वतः करू नये, दुसऱ्याकडून करवू नये, करणाऱ्याला दुजोरा देऊ नये. मी रात्री दुसऱ्याला भरवलं, म्हणजे कारित दोष माझ्याकडे आला. तो मी मान्य केला. पण मग आठवलं, स्वाध्यायात रत्नकरंडक श्रावकाचार वाचताना सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपण पाठ केली होती. तिसरं अंग निर्विचिकित्सा. किळस न करणं. उद्दायन राजाची गोष्ट आपण सगळ्यांनी पाठशाळेत सांगितली आहे. ग्रंथात ते मुनींच्या मलिन देहाबद्दल आहे, कोळिणीच्या टोपलीबद्दल नाही, हे मला कळतं. तिचा व्यवसाय मला पटत नाही, पटणारही नाही. पण सव्वापाचला डबा न उघडण्याचं कारण अहिंसा नव्हतं. मासा टोपलीत नव्हताच, टोपली रिकामी होती. कारण होतं माझं नाक. त्या नाकापायी माझा नियमही नीट पाळला गेला नाही आणि माझ्या माणसाचा जीव टांगणीला लागला. उजेड असताना चार घास खाल्ले असते तर रात्रीचा प्रश्नच उभा राहिला नसता.

घरी आल्यावर मी दोन उपवास केले. एक रात्री भरवल्याचा. दुसरा डबा न उघडल्याचा. पहिला सहज गेला. दुसऱ्या उपवासाला संध्याकाळी खूप भूक लागली होती.

तुम्ही जाल तेव्हासाठी थोडक्यात सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तीन दिवस पुरतात. या दिवसांत सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, तेव्हा दुपारच्या गाडीवर भरवसा ठेवून संध्याकाळचं जेवण ठरवू नका. साखरेची गोळी घेणारं माणूस सोबत असेल तर अन्न हातात आल्यावरच गोळी द्या. खडीसाखर पर्समध्ये ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. घाम आणि थरथर दिसली तर आधी साखर, मग जेवण, मग डॉक्टरांना फोन. आणि प्रवासात उजेड असेतोवर डबा उघडून घ्या, शेजारी कोणीही बसलेलं असो.

आमच्याकडे एक बदल झाला आहे. चूल अजून सहालाच बंद होते, ते माझं व्रत आहे. पण ह्यांच्यासाठी आठ वाजता एक पेला दूध आणि दोन खाकरे टेबलावर झाकून ठेवते. पहिले चार दिवस ह्यांनी हात लावला नाही. पाचव्या दिवशी मी समोर बसले आणि झाकण काढून दिलं. आता घेतात.

होन्नावरच्या बाजूला कुणी गेलात आणि दुपारच्या गाडीत कपाळावर मोठं कुंकू लावलेली, रिकामी टोपली घेतलेली बाई भेटली तर तिला सरकून जागा द्या.

जय जिनेंद्र.